सबांचा कोपरा : आधी फ्रेम, मग रंग



गेल्या अंकात पाट्या-वरवंट्यावर लिहिले, तर दोघी-तिघींनी फोन करून सांगितले, "तुम्ही सारखे स्वयंपाकघरातच फिरता, जरा बाहेर पडा की!" म्हणून या वेळी बाहेर पडलो आहे, आणि तेही सायकलवरून. हिब्रूत सायकलीला ओफनाइम म्हणतात. ओफान म्हणजे चाक आणि ओफनाइम म्हणजे चाकांची जोडी. पण आज चाकांपेक्षा चाकांना धरून ठेवणाऱ्या भागाबद्दल जास्त लिहिणार आहे. त्याला आपण फ्रेम म्हणतो. हिब्रूत शिल्दा. शेलेद म्हणजे हाडांचा सांगाडा, त्याच्याच घरातला हा शब्द. माणसाचे कपडे बदलता येतात, केस रंगवता येतात, दातसुद्धा नवे बसवता येतात, पण सांगाडा बदलता येत नाही. सायकलीचेही तसेच आहे. हे एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेत तर बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल. पण वाचा, कारण त्यात माझी थोडी फजिती आहे.

झाले असे. माझ्या धाकट्या नातवाची बार मित्सवा झाली. पाहुण्यांनी पाकिटे दिली. त्यातले बरेचसे पैसे त्याच्या आईने बँकेत टाकले आणि थोडे त्याच्या हातात ठेवले, "तुला पाहिजे ते घे." दुसऱ्याच दिवशी स्वारी माझ्याकडे हजर. मोबाईलवर एक फोटो दाखवून म्हणाला, "सबा, मला अशी सायकल बनवायची आहे. विकत नाही घ्यायची, बनवायची. तू फिटर होतास ना?" (हिब्रूत 'तुम्ही' नसते हो, त्यामुळे नातू आजोबाला तू म्हणतो आणि आपण ऐकून घेतो.)

फोटोतली सायकल पाहून मला हसू आले. जाडजूड टायर, बैलाच्या शिंगांसारखे मागे वळलेले हॅण्डल, कोचासारखी रुंद सीट, वाकदार नळ्या, आणि मधोमध मोटरसायकलला असते तशी टाकी. टाकी, पण पेट्रोल नाही! अमेरिकेत या सायकलीला क्रूझर म्हणतात. घाई नसलेल्या माणसाची सायकल. वेग कमी, वजन जास्त, बसायला आरामशीर. आमच्या अश्दोदच्या समुद्रकाठच्या तायेलेतवर, सपाट रस्त्यावर, अगदी योग्य. चढावर मात्र घाम काढते.

मुलांसाठी थोडा इतिहास सांगतो. शिकागो शहरात श्विन नावाची सायकल कंपनी १८९५ साली निघाली. इग्नाझ श्विन हा जर्मनीहून आलेला कारागीर तिचा एक संस्थापक. पुढे मोटारी आल्या, मोठ्या माणसांनी सायकल सोडली, त्यात १९२९ नंतर मंदी आली. सायकलीचा धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा कंपनीने ठरवले की आता सायकल मुलांसाठी करायची, आणि मुलाला हवी असते तशी करायची : मजबूत आणि मोटरसायकलसारखी दिसणारी. १९३३ साली त्यांनी हवेच्या फुग्यासारखे दोन इंचाहून जाड टायर बाजारात आणले. १९३४ मध्ये टाकीवाली सायकल आली. १९३८ मध्ये वाकदार जोडनळ्यांची फ्रेम आली, तिला कँटिलिव्हर फ्रेम म्हणतात. सीटच्या मागच्या नळ्या तिथेच न थांबता वाकत वाकत पुढे जाऊन खालच्या नळीला मिळतात. आज जुन्या चालीची क्रूझर म्हटली की डोळ्यांपुढे येते ती हीच फ्रेम.

आणि आणखी एक गंमत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातील काही तरुणांनी याच जुन्यापान्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. मागच्या चाकात उलटा पाय मारायचा ब्रेक होता. तो उतारावर इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. मग चाक खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. जुन्या फ्रेमना ही धडपड सोसेना, तेव्हा जो ब्रीझ नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने १९७७ मध्ये त्या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवायला घेतली. आजची माउंटन बाईक त्या खटपटीतून आली. म्हणजे बघा, ग्रीस पुन्हा भरता आले, ब्रेक बदलता आले, पण फ्रेम कमी पडली तेव्हा नवीच करावी लागली.

आता मोठ्यांसाठी आपल्याकडची आठवण. अलिबागला इस्रायल आळीत आमचे घर. माझे वडील नागावला मास्तर होते. त्यांची काळी हर्क्युलिस, २४ इंची फ्रेम, २८ इंची चाके, सळ्यांचे ब्रेक, मागे कॅरिअर. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावायच्या आत तिची घंटा आळीत वाजायची. शनिवारभर ती ओट्याच्या भिंतीला टेकून उभी असायची, तिलाही सुट्टी. ती सायकल वडिलांच्या मापाची होती. वडील सहा फुटी. मी दहा वर्षांचा. दांड्यावरून पाय टाकणे शक्यच नव्हते, मग आपण सगळे शिकलो तसाच शिकलो : दांड्याखालून पाय घालून, वाकडे होऊन, अर्धे पायडल मारत. बाराव्या वर्षी मात्र मला वाटले, आपण मोठे झालो. चढलो सीटवर. चालवली छान. थांबवताना पाय जमिनीला पुरेना. हनुवटीवर तीन टाके पडले. खूण अजून आहे. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायकलीची चूक नाही. माप चुकलं."

हे वाक्य मी नातवाला सांगितले. त्याने मान हलवली आणि काही ऐकले नाही, हे पुढे कळले.

कारण त्याने फ्रेमच्या आधी चाके घेऊन ठेवली होती! एका मित्राकडून स्वस्तात, २६ इंची, मागच्या चाकात उलट्या पायडलचा ब्रेक. मी म्हटले, "अरे, घर बांधण्याआधी दारं आणलीस?" पण आणली तर आणली. आता त्या चाकांना बसेल अशी फ्रेम शोधणे आले.

पहिली फ्रेम मिळाली ती आल्टे झाखेनवाल्याकडे. इथल्या गल्लीत राहणाऱ्यांना सांगायला नको. भोंग्यातून "आल्टे झाखेन!" ओरडत जुने सामान घेणारी गाडी फिरते ना, तोच. त्याच्या गाडीत फ्रिजच्या मागे एक वाकदार फ्रेम लटकत होती. लाल रंग, टाकीसकट. नातवाचे डोळे चमकले. भाव न करताच पैसे काढायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटले, "थांब. आधी डॉक्टर तपासेल."

खिशातून लोहचुंबक काढले. (माझ्या खिशात असते. तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाच्या खिशात काय काय असते ते सौ.ला विचारा.) चुंबक चिकटले, म्हणजे लोखंडी पोलादाची फ्रेम, ॲल्युमिनियमची नाही. उत्तम. पण नळीवरून फिरवत नेले तर एका जागी ते एकदम सैल झाले. रंग तर सगळीकडे सारखाच. म्हणजे तिथे रंगाखाली जाड लांबी भरली होती. हॅण्डल जिथे बसते ती उभी छोटी नळी, तिच्या मागे खालच्या नळीच्या पोटावर बोट फिरवले. बारीक सुरकुती लागली, शर्टाच्या बाहीला पडते तशी. आणि रंगाला केसाएवढी चीर. म्हणजे ही सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली होती.

मग दोरीची परीक्षा घेतली. बालमित्रांनो, ही तुम्हीही करू शकता. मागचे चाक जिथे अडकते त्या एका खाचेला दोरी बांधायची, ती पुढे हॅण्डलच्या नळीला वळसा घालून मागे दुसऱ्या खाचेला आणायची आणि ताणून बांधायची. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर पट्टीने मोजायचे. दोन्हीकडे सारखे आले तर फ्रेमचा मागचा भाग सरळ. आमच्याकडे एका बाजूला सात मिलिमीटर जास्त आले.

मी म्हटले, "ही भिंतीवर टांगायला चांगली आहे. बसायला नाही."

पोरगा रडकुंडीला आला. "तू वेल्डिंग करू शकतोस! तूच सांगतोस, मी काहीही जोडू शकतो!" खरे होते. मीच फुशारक्या मारल्या होत्या. पण वाचकहो, सुरकुती पडलेली नळी वेल्डिंगने बरी होत नाही. पोलाद तिथे एकदा मुडपले आहे, ते पुन्हा तिथेच मुडपते. पूर्ण नळी कापून नवी घालावी लागते, तेही मापाच्या साच्यात फ्रेम घट्ट धरून. माझ्याकडे साचा नाही, आणि शहात्तराव्या वर्षी पूर्वीसारखा हातही नाही. हे शेवटचे मी त्याला तेव्हा सांगितले नाही. "नाही म्हणजे नाही," एवढेच म्हटले. तो घरापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मग त्याच्या आईने ऑफिसमधल्या कोणाकडून एक फ्रेम आणली. फुकट. ॲल्युमिनियमची, हलकी, नवीकोरी, चुंबक अजिबात चिकटेना. नातू म्हणाला, "ही घेऊ या, ही गंजत नाही." मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, लोखंडी खिडकीसुद्धा दोन वर्षांत खाते. पण मागच्या दोन खाचांमधले अंतर मोजले, १३५ मिलिमीटर भरले. त्याच्या उलट्या ब्रेकच्या चाकाचा आस ११० चा. क्रूझरची साधी मागची चाके बहुधा ११० चीच असतात, गिअरवाल्या माउंटन बाईकची पुष्कळदा १३५.

"दाबून बसव ना," तो म्हणाला. पोलादाची फ्रेम जाणता कारागीर काही मिलिमीटर वाकवून पसरवू शकतो किंवा आवळू शकतो, कारण पोलादात लवचिकपणा असतो. ॲल्युमिनियमला तसे करायचे नसते. ते आज वाकेल आणि पुढच्या महिन्यात सांध्याशी तडकेल. शिवाय त्या फ्रेमच्या खाचा सरळ खाली उघडणाऱ्या होत्या. एका गिअरच्या सायकलीला चेन ताणण्यासाठी चाक मागे ओढावे लागते, म्हणून आडव्या खाचा लागतात. आपल्या जुन्या काळ्या सायकली आठवा. चेन सैल झाली की नट ढिले करायचे, चाक मागे ओढायचे, नट आवळायचे. तीच गोष्ट. तीही फ्रेम परत गेली.

आता नातू हळूहळू मोजायला लागला होता. एका वहीत त्याने हिब्रूत सगळे लिहून काढले. टायरवरचे आकडेसुद्धा वाचायला शिकला. हे मोठ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. '२६ इंच' या शब्दावर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला दोन आकडे छापलेले असतात, जाडी आणि रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जाड टायरच्या क्रूझरला शेवटचा आकडा ५५९ असतो. पण २६ गुणिले १ ३/८ अशा बारीक टायरच्या जुन्या इंग्लिश सायकलीचा ५९० असतो. दोन्ही २६ इंचीच म्हणवतात, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही! माझ्या वडिलांच्या हर्क्युलिसचा २८ गुणिले १ १/२ चा टायर, त्याचा आकडा ६३५. त्यामुळे ज्यांना वाटते की गावाकडची जुनी काळी फ्रेम आणून तिच्यात जाड क्रूझर टायर घालू, त्यांनी आधी मोजावे. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये जागा अरुंद असते. जाड टायर घासतो. आणि चाक लहान घातले की पायडल जमिनीच्या जवळ येते, वळणावर टेकते.

शेवटी आम्ही गेलो एका जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. मालक जॉर्जियाहून आलेला, वय माझ्याएवढे. दुकानात ग्रीसचा आणि रबराचा वास. तो वास नाकात गेला आणि मी क्षणभर अलिबागच्या बाजारात जाऊन आलो. तिथे छताला दोन फ्रेम टांगलेल्या होत्या, दोन्ही पोलादी, दोन्ही क्रूझरच्या. एक वाकदार कँटिलिव्हर, काळी. दुसरी पाऊल टाकून आत शिरायची, वरचा दांडा खाली झुकलेला, फिकट हिरवी. आपल्याकडे जिला लेडीज सायकल म्हणायचे ती.

नातवाने वही उघडली. चुंबक फिरवले, बोट फिरवले, दोरी बांधली. दोन्ही बाजू सारख्या. मागच्या खाचा ११०, आडव्या. उलट्या ब्रेकचा लांबट हात ज्याला पट्टीने आवळायचा ती खालची मागची नळी मोकळी आणि सरळ. सीटच्या नळीत बॅटरी मारून पाहिली, आत वरवरचा तांबूस गंज, पण पापुद्रे नाहीत. पायडलचा आस जिथून जातो ते भोक मोठे, साधारण ५१ मिलिमीटरचे, म्हणजे दोन्ही पाय एकाच वाकवलेल्या सळीचे बसतात तसे, जुने अमेरिकन. इंग्लिश पद्धतीत भोक लहान आणि आत आटे असतात. मोठ्या भोकात जोड टाकून लहान बसवता येते, लहानात मोठे बसवता येत नाही. म्हणून मोठे भोक असले तर चांगलेच.

हॅण्डलची नळीही पाहिली. जुन्या चालीच्या फ्रेममध्ये तिच्यातून एक इंची दांडीचा चिमटा जातो, नव्यामध्ये सव्वा इंचाला थोडी कमी. नातवाला पुढे स्प्रिंगवाला चिमटा बसवायचा आहे, तो एक इंची, आणि या फ्रेमला तोच बसतो. मालकाने टाळी दिली. "कोल हाकावोद! याला कोणी शिकवलं?"

मी छाती फुगवली.

मग माप. काळ्या फ्रेमवर मालकाने तात्पुरती चाके चढवली, नातू दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला. दांडा आणि शरीर यांच्यात चार बोटे मोकळी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली, पायडल सर्वांत खाली, पाय सरळ झाला. बरोबर माप. अजून दोन-तीन वर्षे तो वाढेल, तेव्हा सीटची दांडी वर घ्यायला जागा आहे का तेही पाहिले. त्या दांडीवर एक रेघ असते, ती नळीच्या बाहेर कधीच दिसता कामा नये, नाहीतर दांडी तिथेच मोडते किंवा नळी फाडते.

सगळे जमले. पैसे काढायचे तेवढ्यात नातू म्हणाला, "सबा, आता तू बसून बघ."

आणि वाचकहो, मी बसायला गेलो. उजवा पाय मागून उचलला, जसा पन्नास वर्षे उचलत आलो तसा. पाय अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. तीन वर्षांपूर्वी त्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, हे मला माहीत आहे, पण माझ्या पायाला सांगायचे राहून गेले होते. बूट सीटला अडकला, सायकल कलली, मी तिच्याबरोबर कललो. मालकाने एका हाताने मला आणि नातवाने दुसऱ्या हाताने सायकल धरली, म्हणून हनुवटीचे टाके वाचले.

दुकानात शांतता. मी म्हटले, "मजला गुळगुळीत आहे." मजला खडबडीत सिमेंटचा होता.

नातवाने वही उघडली, पाने चाळली आणि म्हणाला, "सबा, सगळ्याचं माप आहे. तुझं माप कुठे आहे?"

मला माझ्या वडिलांचे शब्द आठवले. सायकलीची चूक नाही, माप चुकलं. साठ-पासष्ट वर्षांनी तेच वाक्य तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडून हिब्रूत परत आले.

तो त्या फिकट हिरव्या फ्रेमकडे बघत होता. मीही बघत होतो. मनात म्हटले, अलिबागची माणसे बघतील तर काय म्हणतील, मास्तरांचा मुलगा लेडीज सायकलवर! मग विचार केला, अलिबागच्या त्या माणसांपैकी किती राहिली, आणि त्यातल्या किती जणांचा पाय अजून दांड्यावरून जातो? आणि पुरुषाची, बाईची हे नाव तरी कशावरून पडले? बायकांना साडी किंवा झगा घालून बसता यावे म्हणून दांडा खाली घेतला. तो कपड्यासाठी केलेला बदल. आज आपल्याला तो गुडघ्यासाठी लागतो, बस्स.

मालक म्हणाला, "मीही अशीच चालवतो. दहा वर्षं झाली." आणि दुकानाच्या मागून त्याची स्वतःची सायकल दाखवली. मला फार बरे वाटले.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाऊल टाकून शिरायच्या फ्रेममध्ये वरची नळी नसल्यामुळे खालच्या नळीवर जास्त भार येतो. म्हणून नळी जाड आहे का किंवा दुहेरी आहे का ते पाहावे. मागे फार जड ओझे लादले तर ती थोडी डुलते, पण बाजारातून भाजी आणायला काही हरकत नाही. आणखी एक प्रकार आहे. एका अमेरिकन कंपनीने २००३ साली अशी फ्रेम आणली की पायडल सीटच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात आणि तरी पायडल मारताना पाय पुरेसा लांब होतो. थांबताना ज्यांना तोल जायची भीती वाटते त्यांनी तशी जरूर पाहावी. आणि सायकल घेण्याआधी डॉक्टरला विचारावे. मी नंतर विचारले. तो म्हणाला, "सपाट रस्त्यावर चालवा, पण पडू नका." हा सल्ला तर लहानपणापासून मिळत आला आहे.

तर आम्ही दोन्ही फ्रेम घेतल्या. काळी त्याच्या पैशांनी, हिरवी माझ्या. सौ. म्हणाल्या, "एक आणायला गेलात ते दोन घेऊन आलात, आणि दोन्हीला चाकं नाहीत!" सध्या त्या आमच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली उभ्या आहेत. नातू रोज संध्याकाळी येतो. आधी आतून तेल फिरवून गंज थांबवायचा, मग रंग. रंगावरून अजून वाद चालू आहे. त्याला आता लाल नको, काळाच हवा, कारण पणजोबांची सायकल काळी होती, असे तो म्हणतो. मी त्याला पणजोबांचा एकच फोटो दाखवला आहे, त्यात ते ओट्यावर बसले आहेत आणि मागे भिंतीला सायकल टेकलेली आहे.

बालमित्रांनो, खालची यादी कापून वहीत चिकटवा. सायकल बनवायची असो की जुनी विकत घ्यायची असो, उपयोगी पडेल.

१. आधी स्वतःचे माप. दांड्यावर उभे राहून निदान दोन-तीन बोटे जागा हवी. सीटवर बसल्यावर थांबताना पायाचा पुढचा भाग तरी जमिनीला टेकला पाहिजे.

२. चुंबक. चिकटले तर पोलाद, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. एकाच जागी सैल पडले तर खाली लांबी असू शकते.

३. हॅण्डलच्या नळीमागे बोट फिरवा. सुरकुती किंवा चीर असेल तर ती फ्रेम सोडून द्या, कितीही सुंदर असो.

४. दोरीची परीक्षा. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे हवे.

५. मागच्या खाचांमधले अंतर आणि चाकाच्या आसाचे माप जुळले पाहिजे. एका गिअरला आडव्या खाचा हव्यात.

६. टायरवरचा शेवटचा आकडा वाचा. ५५९, ५९० आणि ६३५ ही वेगवेगळ्या घरची मंडळी आहेत.

७. पुढच्या चिमट्याला ब्रेक बसवायची सोय आहे का ते बघा. उलट्या पायडलचा ब्रेक चेनवर चालतो. चेन निसटली की तो ब्रेक गेला. म्हणून पुढचा ब्रेक हवाच.

आणि हेल्मेट. १८ वर्षांखालच्यांना तर तो कायदाच आहे.

योम किपुरला आपल्या या देशात रस्त्यावर मोटारी नसतात आणि सगळी पोरे सायकली घेऊन मोकळ्या हमरस्त्यावर उतरतात, हे तुम्ही दरवर्षी बघता. आम्ही म्हातारे त्या दिवशी उपास धरून सिनेगॉगमध्ये असतो. नातवाने आताच सांगून ठेवले आहे, "सबा, योम किपुरला मी माझी चालवीन. पण तुझ्याबरोबर पहिल्यांदा तायेलेतवर जायचं ते आधी, एका शुक्रवारी सकाळी. दिवा लावायच्या आत परत येऊ."

मी हो म्हटले आहे. त्याने माझे माप वहीत लिहून घेतले आहे, पहिल्या पानावर, त्याच्या मापाच्या वर.

पुढच्या अंकात चाकाचा आउट कसा काढतात ते सांगेन. तोपर्यंत शब्बात शालोम, तब्येत सांभाळा.

आपला,
सबा